आठ बे, आठ डिस्क, पण दिसतात चारच

मिरजेचा_कॅमेरा:

नमस्कार मंडळी. मिरजेत माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. आजवर सगळं फुटेज यूएसबीच्या सुट्या डिस्कवर ठेवत आलो. कपाटाचा एक खण त्यांनीच भरलाय आणि कुणाची हळद कुठल्या डिस्कवर आहे ते शोधायला अख्खी सकाळ जाते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक जुना सर्व्हर आणला. सुपरमायक्रोची ८२५टीक्यू पेटी, दोन यू, समोर साडेतीन इंची आठ बे, म्हणजे डिस्क सरकवायचे खण. आत एक्स१० पिढीचा बोर्ड, त्यावर दहा साटा पोर्ट. दुकानदाराने त्यातल्या आठ पोर्टांतून आठ लाल केबली मागच्या पट्टीला जोडून दिल्यात.

डिस्क आठ, सगळ्या ४ टीबीच्या. चार माझ्याकडे होत्या, साध्या साटा. चार त्याच दुकानातून घेतल्या, म्हणाला 'कंपनीच्या मशीनमधून निघालेल्या आहेत, दणकट माल'. उबुंटू सर्व्हर एका एसएसडीवर टाकला, तो नीट चालू होतो. अडचण ही की बायोसमध्ये आणि उबुंटूतही माझ्या चारच डिस्क दिसतात. दुकानातल्या चार कुठेच नाहीत. बे बदलून बघितले. माझी डिस्क कुठल्याही बेमध्ये दिसते, त्याची कुठल्याच बेमध्ये नाही. दिवे मात्र आठही लागतात आणि त्या चार डिस्क फिरतानाचा आवाजही येतो. त्यांच्या मागचा कनेक्टर माझ्या डिस्कसारखाच आहे, फक्त मधली फट नाही, भरीव आहे.

फोन केला तर दुकानदार म्हणतो 'ड्रायव्हर टाका'. कुठला ड्रायव्हर ते सांगत नाही. डिस्क गेलेल्या आहेत का? एकूण फुटेज आज साधारण ११ टीबी आहे, आणि पुढचा सीझन तोंडावर आलाय.

---

साटेलोटे:

बॅकप्लेनला, म्हणजे त्या मागच्या पट्टीला, वीज देणारे सगळे मोलेक्स (चार पिनांचे प्लग) लावलेत का ते आधी बघा. जुन्या पेट्यांमध्ये एखादा सैल असतो. आणि लॉगमध्ये त्या पोर्टांसमोर काय लिहून येतं ते इथे टाका.

---

मिरजेचा_कॅमेरा:

मोलेक्स सगळे घट्ट आहेत. लॉगमध्ये त्या चार पोर्टांसमोर 'साटा लिंक डाउन' एवढंच येतं.

---

रात्रपाळी:

मोलेक्सचा प्रश्न असता तर डिस्क फिरल्याच नसत्या. आणि वापरून काढलेल्या असल्या तरी चारच्या चार एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने जात नाहीत. त्या धडधाकट असाव्यात. तुझ्या मशीनला त्यांची भाषा येत नाही, एवढंच.

'मधली फट नाही, भरीव आहे' हे तू स्वतःच लिहिलंस आणि पुढे गेलास. सगळं उत्तर त्या फटीत आहे. साटा डिस्कच्या मागे डेटाचा आणि विजेचा असे दोन तुकडे असतात, मधे मोकळी जागा. सॅस, म्हणजे सर्व्हरात लागणाऱ्या दुसऱ्या जातीच्या डिस्कमध्ये ती जागा भरलेली असते आणि तिच्या मागच्या बाजूला आणखी सात पिना असतात, दुसऱ्या पोर्टासाठी. साध्या साटा केबलमध्ये सॅस डिस्क घुसू नये म्हणूनच ती भरलेली आहे. पण तुझ्या पेटीची मागची पट्टी, म्हणजे बॅकप्लेन, सॅसच्या मापाची आहे. तिच्यात दोन्ही जातीच्या डिस्क खटकन बसतात. बॅकप्लेनवर अक्कल नाही, ती फक्त तारा पुढे नेते. त्या तारा शेवटी तुझ्या बोर्डाच्या साटा पोर्टात जातात आणि त्या पोर्टाला सॅस कळत नाही. उलट मात्र चालतं: सॅस कंट्रोलरला साटा डिस्क कळते. दिव्याचं म्हणशील तर तो लागला म्हणजे डिस्कला वीज पोचली. ती कुणाशी बोलतेय असा त्याचा अर्थ नाही.

ड्रायव्हरने यात काही होणार नाही. तुला सॅसचं कार्ड लागेल, आणि ते रेडचं (स्वतःच सगळ्या डिस्कची एक मोठी डिस्क करून दाखवणारं) नको, साधं एचबीए हवं: डिस्क जशी आहे तशी ऑपरेटिंग सिस्टमसमोर ठेवणारं. डिस्क एकत्र बांधायचं काम लिनक्सवर झेडएफएस या सॉफ्टवेअरकडे देऊ. एलएसआयचं ९२०७-८आय बघ. जुन्या बाजारात पडलेलं असतं. त्यावर दोन पोर्ट, प्रत्येकातून चार लेन (एका डिस्कला एक), म्हणजे तुझ्या आठ डिस्क बरोब्बर भागतात. ९२११-८आय सुद्धा चालेल, पण त्यात बऱ्याचदा रेडचं फर्मवेअर असतं, ते काढून आयटी मोडचं, म्हणजे साध्या एचबीएचं, टाकावं लागतं. दोन्हींत फर्मवेअर २०.००.०७.०० आहे का बघून घे. 'सीलबंद नवीन' म्हणून स्वस्तात कुणी देत असेल तर सोडून दे, या जुन्या मॉडेलच्या नकला खूप फिरतात.

आता केबल, कारण लोक खरे फसतात ते इथे. एका टोकाला चपटा एसएफएफ-८०८७ आणि दुसऱ्या टोकाला साटासारखी चार तोंडं, अशी केबल दुकानात माग आणि 'फॉरवर्ड ब्रेकआउट' हे शब्द लिहून दे. रिव्हर्स नावाची तिची जुळी बहीण असते. दिसायला अगदी तीच, आतली जोडणी उलटी. ती आहे बोर्डावरच्या चार पोर्टांतून चपट्या तोंडाच्या बॅकप्लेनकडे जायला. तुझ्या बाजूने लावलीस तर काहीच दिसणार नाही आणि तू पुन्हा डिस्कला शिव्या देशील. दोन केबली लागतील. त्यांना एक बारीक शेपूटही असतं, साइडबँडचं, दिव्यांचे इशारे नेणारं. ते बॅकप्लेनवर त्याच्या जागी लाव. नाही लावलं तरी डिस्क चालतात म्हणून सगळे ते लोंबकळत सोडतात, आणि मग एखादी डिस्क गेली की आठांतली कुठली उपटायची ते सांगणारा लाल दिवा लागत नाही.

बोर्डाचे साटा पोर्ट मोकळे होतील. त्यातल्या एकावर आणखी एक एसएसडी लावून बूटची जोडी कर.

---

मिरजेचा_कॅमेरा:

दादा, अगदी तसंच निघालं. ९२०७ मिळालं, केबली फॉरवर्डच आणल्या (दुकानदाराने आधी दुसऱ्याच काढल्या होत्या, बरं झालं लिहून नेलं). आता आठही डिस्कची नावं येतात. पण त्या चार सॅस डिस्कची साइझ शून्य दाखवतो आणि लॉगमध्ये 'अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०' असं येतंय. ही काय नवीन भानगड?

---

रात्रपाळी:

'कंपनीच्या मशीनमधून निघालेल्या' म्हणाला तेव्हाच वाटलं होतं. मोठ्या स्टोरेजच्या कपाटांमधून निघालेल्या डिस्क अशाच येतात. आपल्या डिस्कवर एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो. ती कपाटं प्रत्येक सेक्टरला आठ बाइट जास्त ठेवतात, त्यात स्वतःची पडताळणीची खूण लिहितात. म्हणून ५२०. लिनक्स त्यांना हात लावत नाही, विंडोजही लावणार नाही. डिस्क खराब नाही, तिला पुन्हा ५१२ वर आणायचं. सॅस डिस्कला हे करता येतं.

एसजी३-युटिल्स नावाचं पॅकेज टाक. आधी एसजी_रीडकॅप चालवून प्रत्येक डिस्कची ब्लॉक लेंग्थ बघ, ५२० दिसेल. मग एसजी_फॉरमॅट, त्याला 'फॉरमॅट' आणि 'साइझ = ५१२' हे पर्याय, सोबत 'एफएमटीपीइन्फो = ०' पण दे. त्याचं कारण असं की काही डिस्कवर प्रोटेक्शन टाइप २ (डिस्कची स्वतःची पडताळणीची सोय) चालू असतं आणि ते बंद केलं नाही तर ५१२ होऊनही त्या नखरे करतात. कमांड डिस्कच्या एसजी नावावर द्यायची. एसडी कुठली आणि एसजी कुठली याची जुळणी एलएसएससीएसआय ला जी पर्याय देऊन एका ओळीत दिसते. ती ओळ दोनदा वाच. तुझ्या साटा डिस्कवर काही असेल तर हे सगळं चालू असताना त्यांचे ट्रे बोटभर बाहेर ओढून ठेव. लक्ष ठेवण्यापेक्षा डिस्क तिथे नसणं बरं.

४ टीबीच्या डिस्कला सहा-आठ तास सहज जातात. काम डिस्क स्वतःच्या पोटात करते, त्यामुळे चारही एकदम लावल्या तरी चालतं. टीमक्समध्ये लाव, म्हणजे लॅपटॉप बंद झाला तरी बिघडत नाही. फक्त लाईट जाता कामा नये. मधे वीज गेली की डिस्क 'फॉरमॅट करप्टेड' म्हणत अडून बसते. बहुतेक वेळा पहिल्यापासून पुन्हा केलं की येते, पण तोवर घाम फुटतो. यूपीएस असेल तर त्यावर आणि रात्री लाव. झालं की मशीन पूर्ण बंद करून चालू कर.

मग लगेच काही साठवू नकोस. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) ने आठही डिस्कची लाँग टेस्ट घे. साटा डिस्कमध्ये ५, १९७, १९८ या (खराब सेक्टरांच्या) तीन ओळींत शून्य हवं. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. सॅस डिस्कमध्ये या ओळी नसतात, तिथे 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट', म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची यादी बघायची. आणि तिथेच सिरीयल नंबर येतो, तो चिकटपट्टीवर लिहून त्या डिस्कच्या ट्रेच्या तोंडावर लाव. आठही. आज कंटाळवाणं वाटेल.

---

साटेलोटे:

सगळं बरोबर, पण रेड कार्ड नको हे काही पटलं नाही. कॅश आणि बॅटरीवालं चांगलं कार्ड घ्या, कंट्रोल आर दाबून रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालणारं) बनवा, दहा मिनिटांत काम. लिनक्सला एकच मोठी डिस्क दिसते. लग्नाच्या सीझनमध्ये झेडएफएस शिकायला वेळ कुणाला आहे? डिस्क गेली की लाल दिवा लागतो, काढा, नवीन लावा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललंय.

---

रात्रपाळी:

साटेलोटे, तुमच्याकडे चालतं कारण तुमच्याकडे त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड कपाटात असेल. नसेल तर उद्या घेऊन ठेवा. डिस्क गेली की रेड कार्ड वाचवतं हे खरं. कार्ड गेलं की? डिस्कवर कार्डाने स्वतःच्या पद्धतीने मांडणी केलेली असते, ती वाचायला त्याच घराण्यातलं कार्ड लागतं. ते मिरजेत शोधायचं, मे महिन्यात. झेडएफएसच्या डिस्क उचलून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या, आयात केल्या, की माल समोर. डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा परत दिला तर तेही चेकसममुळे (डेटासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) पकडलं जातं, आणि पाच वर्षांनी कुणी आपल्या लग्नाची चित्रफीत मागायला येतं तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं. तुमचं कार्ड ईएसएक्सआयवर (व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सिस्टमवर) मलाही लागतं, तिथे लोकल डिस्कसाठी सॉफ्टवेअर रेड नाहीच. इथे त्याचं काम नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकदम करणं: खाली कार्डाचं रेड, वर झेडएफएस. एकाने केलेलं दुसऱ्याला दिसत नाही.

आता मिरजकर, तुझी मांडणी. आठही डिस्कचा एकच रेडझेड२ (झेडएफएसचा, दोन डिस्क गेल्या तरी टिकणारा गट) कर. ८ गुणिले ४ म्हणजे ३२, दोन डिस्क पॅरिटीत (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशेबात) गेल्या, उरले २४ टीबी. मशीन ते २१.८ असं दाखवेल, कारण डिस्कवाले हजाराने मोजतात आणि मशीन १०२४ ने. त्यातही ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नकोस, म्हणजे हाताशी सतराच्या आसपास. तुझे ११ आरामात मावतात. जोड्याजोड्यांनी मिरर केलंस तर वेग जास्त आणि डिस्क बदलणं झटपट, पण जागा फक्त १६, आणि एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सगळं गेलं. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन असत्या तर मीच मिरर सांगितलं असतं. तुझ्या फायली मोठ्या आणि सरळसोट, एकदा लिहिल्या की वाचायच्याच. सॅस-साटा मिसळल्याने काही होत नाही.

एका पॅरिटीचा मोह नको. एक डिस्क गेली की उरलेल्या सातांवरचा सगळा डेटा वाचावा लागतो. घरगुती डिस्कच्या कागदावर १० चा १४ वा घात बिटांमागे एक वाचता न येणारी जागा असं लिहिलेलं असतं, म्हणजे साडेबारा टीबीला एक. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण त्या भरवशावर दुसऱ्याच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवू नयेत. आणि तुझ्या चार साटा डिस्कचे मॉडेल नंबर शोधून त्या एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) तर नाहीत ना ते बघ. २०२० साली यावरून बराच गोंधळ झाला होता, नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) म्हणून विकलेल्या काही डिस्क आतून एसएमआर निघाल्या. रोजच्या वापरात कळत नाही. बदललेल्या डिस्कवर पुन्हा भरणा सुरू झाला की अशी डिस्क रांगायला लागते.

पूल, म्हणजे आठ डिस्कचा हा साठा, बनवताना एसडीए, एसडीबी ही नावं अजिबात वापरू नकोस, बूटागणिक ती फिरतात. बाय-आयडी फोल्डरमधली नावं घे. त्यातल्या बऱ्याच नावांतच सिरीयल असतो आणि तुझ्या चिकटपट्टीशी जुळतो. अॅशिफ्ट १२ (म्हणजे सेक्टर ४०९६ बाइटचा धर) स्वतः लिहून दे. तुझ्या आत्ताच्या डिस्क ५१२ च्या असल्या तरी उद्या बदलून येणारी ४के असेल आणि हा आकडा नंतर बदलता येत नाही. फुटेजच्या डेटासेटला (पूलमधल्या कप्प्याला) रेकॉर्डसाइझ १एम, कॉम्प्रेशन एलझेड४, एटाइम बंद. बाकी शंभर सेटिंग्ज आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. उबुंटूत महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आपोआप होतो. त्या रात्री सर्व्हर चालू ठेव. झेडएफएसची झेड नावाची सेवा डिस्क गेली की मेल करते, तिला तुझा पत्ता दे.

आणि डेटा भरण्याआधी एक डिस्क चालू मशीनमधून मुद्दाम उपट. पूल 'डिग्रेडेड' झाला का, मेल आला का, लाल दिवा लागला का, ट्रेवरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर एकच आहे का. परत लाव, पूल हिरवा होईपर्यंत थांब.

वेगाचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा धागा तोच येणार. आठ डिस्क मिळून जेवढं ओततात तेवढं एक गिगाबिटची लॅन पोचवू शकत नाही. एडिटिंगच्या पीसीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळेल. कमी वाटलं तर दहा गिगाबिटची दोन कार्डं आणि एक तार पुरते. डिस्क बदलत बसू नकोस.

त्या यूएसबी डिस्क फेकू नकोस. त्यांच्यावर दुसरी प्रत राहू दे आणि ती स्टुडिओत नको, घरी नेऊन ठेव, वरच्या मजल्यावर. सांगली-मिरजेच्या माणसाला २०१९ चा ऑगस्ट मी काय आठवून देणार. रेडझेड२ दोन डिस्क सहन करतो, कृष्णेचं पाणी नाही.

---

मिरजेचा_कॅमेरा:

फॉरमॅट झालं, चारही ५१२ वर आल्या. यूपीएस होता म्हणून निभावलं, पहाटे लाईट गेलीच. साटा डिस्क चारही एसएमआर नाहीत, तिन्ही ओळींत शून्य. चिकटपट्ट्या लावल्या, पोरं हसली. एक उपटून बघितली, मेल आला, नंबर जुळला, पण लाल दिवा नाही लागला. तो कसा लावायचा?

दुसरं, चार सॅसपैकी तिघींची ग्रोन डिफेक्ट लिस्ट शून्य आहे. चौथीची लाँग टेस्ट पास झाली, पण लिस्टमध्ये ३८ दाखवतो. ठेवू का? दुकानदाराची महिन्याची वॉरंटी आहे, अजून संपलेली नाही.

---

साटेलोटे:

दिव्याचं मी सांगतो, एवढं तरी माझ्याकडे राहू दे. साइडबँडचं शेपूट लावलंय ना? मग लेडमॉन नावाचं पॅकेज टाका. त्यातल्या लेडसीटीएलला 'लोकेट' आणि डिस्कचं नाव दिलं की त्या बेचा दिवा लागायला हवा. नाही लागला तर शेपूट बॅकप्लेनवर उलट किंवा शेजारच्या जागी गेलेलं असू शकतं. दोन केबलींची दोन शेपटं आहेत, पहिल्या चार बेंचं एक आणि पुढच्या चारांचं एक, त्यांची अदलाबदल होते.

---

रात्रपाळी:

३८ हा आकडा आजच्या आज घाबरावं असा नाही. तो वाढतोय का हे महत्त्वाचं. आता ती पूलमध्ये आहे आणि पूल रिकामा आहे तोवर चाचणीचंच काही तरी दोन टीबी भर, स्क्रब चालव आणि लिस्ट पुन्हा बघ. ३८ ला ३८ राहिला तरी माझं मत परत दे असंच आहे, वॉरंटी आहे तर आपण का सोसायचं. 'चालू आहे की' असं तो म्हणेल. स्मार्टसीटीएलचं आउटपुट छापून ने, सिरीयल नंबरसकट, वाद घालायला लागणार नाही. बदली डिस्क आली की ती पण ५२० ची निघेल हे धरूनच चाल, आणि पूलमध्ये घालण्याआधी तिचीही लाँग टेस्ट. डिस्क देताना ट्रे आणि त्याचे चार स्क्रू काढून घे. या पेटीचे ट्रे सुटे मिळवायला पुन्हा लॅमिंग्टन रोडच गाठावा लागेल.